मैना विकणे आहे

इंदूर,
५ सप्टेंबर १९८५

चि. सौ. इंदिरास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला चिवडा पोचला. तिखट नेहमीसारखंच जास्त आणि नेहमीसारखाच दोन दिवसांत फस्त झाला. पण आज पत्र लिहायला बसले आहे ती चिवड्यासाठी नाही, तो ज्या कागदात बांधला होता त्या कागदासाठी. डबा पुसताना नाशिकच्या पेपरातली जाहिरात दिसली. ‘विकणे आहे. केबिन असलेली मोटरबोट, उत्तम स्थितीत. गंगापूर धरणावर पाहावयास मिळेल.’ आणि खाली पत्ता इंदिरानगरचा, तुमच्याच ब्लॉकचा.

अख्ख्या नाशकात केबिनवाली बोट असणारं घर एकच, ते आपलं. आता मला सांग, मैना कोण विकतंय?

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मैना धरणावर येऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून सांगते. नाना पाटबंधारे खात्यात होते तेव्हा खात्याची पाहणीची जुनी लाँच लिलावात निघाली. माई म्हणाली, घ्या. लोक स्कूटर घेतात, आपण नाव घेऊ. तिचं नाव मैना ठेवलं तेही माईनेच. दर रविवारी आम्ही डबे घेऊन धरणावर जायचो. केबिन ती केवढी, समोरासमोर दोन बाकं. आत शिरायचं तर कमरेत वाकून. वेणू दर वेळी डोकं आपटायचा आणि दर वेळी बोटीला शिव्या द्यायचा.

माई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे ती मैना. राग मानू नकोस. तुझ्या घरी मी पाहुणी असते, आणि तू पाहुण्यांचं नीट करतेस. पण मैनेवर मी बाकावर लोळते, नाना चहा करून हातात देतात, आणि मला कुणी विचारत नाही की परतीचं तिकीट कधीचं आहे. ती गेली तर दिवाळीला मी यायचं कुणाकडे?

मला वेणूचा संशय येतो. वेणूचा येतो म्हणजे तुझाही येतो, हे तू समजून घेशीलच. उलट टपाली उत्तर दे.

तुझी,
श्यामला

---

नाशिक,
१२ सप्टेंबर १९८५

ती. सौ. वन्संना,
इंदिराचा नमस्कार.

पत्र मिळालं. चिवड्याच्या कागदावरून चोरी पकडणाऱ्या तुम्हीच. पुढच्या वेळी चिवडा कोऱ्या कागदात बांधीन.

मैना आम्ही विकत नाही. नाना विकताहेत. आम्हाला तर पेपर आला तेव्हाच कळलं. आणि विकून स्वस्थ बसणार असते तर बरं, त्यांनी दुसरी घेतली आहे. मोठी! अलिबागकडच्या कुणा डॉक्टरांची होती. गणपती झाले की ट्रकवर घालून कसाऱ्याचा घाट चढून येणार आहे. केबिनमध्ये माणूस ताठ उभा राहतो म्हणे. चार जणांना झोपायला बाकं, स्टोव्हला ओटा, कपाट, आणि सांगायला लाज वाटते, पण संडास.

हे म्हणाले, “नाना, दोन तास धरणावर फिरायचं, त्याला नावेत संडास कशाला?”

नाना म्हणाले, “असावा.” बस्स. पुढे पेपर वाचायला लागले.

खरं सांगू का वन्सं, मला संशय तुमचाच आला होता. उन्हाळ्यात नाना इंदूरला यायचे होते, कपडेसुद्धा भरले होते. मग तुमचं पत्र आलं आणि त्यांनी बॅग रिकामी केली. मला वाटलं, त्याची भरपाई म्हणून तुम्हीच हे मोठ्या बोटीचं खूळ डोक्यात घातलं, म्हणजे तुम्ही सगळी आलात की तिकडेच उतराल, माझ्याकडे नको. नसेल तसं तर सोडून द्या.

बाकी इकडे ठीक. गंगापूर रोडचं भाड्याचं घर मोठं होतं, पण स्वतःचं ते स्वतःचं. नानांची खाट हॉलमध्ये असते. सकाळी ती उभी करून गॅलरीत ठेवतो, कारण यांच्याकडे विम्याची माणसं येतात. संध्याकाळी टीव्हीला खालच्या मजल्यावरची मंडळी जमतात. तेवढा वेळ नाना बाहेर असतात. फिरणं होतं, तब्येत खणखणीत आहे. काळजी नसावी.

आपली,
इंदिरा

---

इंदूर,
१९ सप्टेंबर १९८५

चि. सौ. इंदिरास,
आशीर्वाद.

उन्हाळ्याचं काढू नकोस. तेव्हा सासूबाईंचं पथ्यपाणी चालू होतं, आणि आमच्या ह्यांना घरात एक माणूस वाढलं तरी झोप येत नाही. मी नानांना नीट समजावून ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं लिहिलं होतं. त्यांना ते पटलं, कारण त्यांनी काही उत्तर पाठवलं नाही.

मी त्यांच्या डोक्यात काही घातलेलं नाही. त्यांच्या डोक्यात कुणी काही घालू शकलं असतं तर माईने खूप काही घातलं असतं.

पण तुझ्या पत्राने माझी झोप उडवली. तू सगळं लिहिलंस आणि तुला काहीच दिसलं नाही? माणूस एकटा. त्याला झोपायला बाक एक पुरतं. मग स्टोव्हचा ओटा कुणासाठी? नानांना चहापलीकडे काही करता येत नाही. कपाट कुणाच्या कपड्यांना? आणि तो ‘असावा’ म्हणालेला संडास, तो काय सहादूसाठी? सहादू बिचारा पंधरा वर्षं मैना राखतोय, त्याचं घर काठावरच आहे.

इंदिरा, पाणी कुठंतरी मुरतंय. बाई आहे.

म्हातारचळ म्हणतात तो असाच लागतो. माणूस आयुष्यभर सरळ रेषेत चालतो आणि सत्तरीला वळण घेतो. आमच्या इथे एका निवृत्त प्राचार्यांनी असंच केलं, मुलांना पत्रिका पोस्टाने आली. माझ्या माईच्या हौसेच्या नावेची विक्री करून त्या पैशात कुणी दुसरी बसणार असेल तर मला ते आधी कळलं पाहिजे.

वेणूला विचारू नकोस, त्याला डोळे आहेत ते फक्त डोकं आपटायला. तूच बघ. नाना कुठं जातात, कुणाकडे बसतात, काय आणतात. पिशवी बघ. मी सांगते म्हणून बघ, म्हणजे पाप माझ्या माथी.

श्यामला

---

नाशिक,
३ ऑक्टोबर १९८५

ती. सौ. वन्संना,
नमस्कार.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाका.

तुम्ही म्हणालात ते खरं दिसतंय. नाना आठवड्यातून दोनदा आपल्या द्वारका नाक्याला जातात. द्वारकेला काय आहे? ट्रक, टायर आणि गॅरेज. यांच्या ऑफिसातल्या एकाने त्यांना तिथे पाहिलं. रिक्षात होते, शेजारी बाई. मांडीवर कापडाचे तागे. बाई चांगली पन्नाशीची, हसत होती, आणि नानाही हसत होते म्हणे. आपल्या नानांना हसताना मी कधी पाहिलं असेल तर आठवून सांगते.

रात्री जेवताना मी सहज म्हटलं, “नाना, द्वारकेला कुणी ओळखीचं आहे का?”

“विमलाबाई आहेत,” नाना म्हणाले. आणि ताक मागितलं.

लपवायचं असतं तर नाव सांगितलं नसतं, असं हे म्हणतात. मी म्हटलं, इतका निर्ढावलेला माणूस नावच सांगतो.

वन्सं, काल मी पिशवी बघितली. तुमच्या माथी पाप टाकून बघितली. वर भाजी, तिच्याखाली पेपर, पेपरखाली हिरवा खण. साधा नाही, जरीच्या काठाचा, रविवार कारंज्यावरच्या दुकानातला. हिरव्या बांगड्या. फणी, करंडा, हळकुंडं, सुपारी. नारळ तर आठवडाभर खाटेखालीच आहे, मला वाटत होतं माझाच. ओटीचं सगळं सामान, एक वस्तू कमी नाही. घरात मी सवाष्ण असताना, मला न सांगता, सासऱ्याने ओटीचं सामान आणावं! कुणाची भरायची आहे ओटी?

यांना दाखवलं तर म्हणाले, “अगं, नानांचं वय काय!” मी म्हटलं, मग वय झालेल्या माणसाच्या पिशवीत बांगड्या चालत आल्या का?

मोठी बोट येऊन पोचली आहे. निळी आहे. मैना मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याने घेतली, गिरणा धरणावर नेणार. पुढच्या शुक्रवारी तो न्यायला येतोय. नाना म्हणाले, तुम्ही कुणी यायची गरज नाही. म्हणजे जायलाच हवं. आम्ही दोघं मागाहून एसटीने जाणार आहोत.

लग्नाला अकरा वर्षं झाली, वन्सं. तुम्ही आणि मी एका बाजूला असल्याची ही पहिलीच वेळ. बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

इंदिरा

---

इंदूर,
८ ऑक्टोबर १९८५

ती. नानांस,
श्यामलाचा नमस्कार.

मला सगळं कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नका.

तुम्ही मोठे आहात, तुम्हाला मी काय सांगणार. पण माईच्या हौसेची नाव विकून तुम्ही दुसरा संसार थाटणार असाल, तर एवढं तरी करायचं होतं की मुलीला चार ओळी लिहायच्या. मला परक्या बाईच्या ओटीची बातमी भावजयीकडून मिळावी, ही वेळ तुम्ही माझ्यावर आणली.

यंदा दिवाळीला मी येणार नाही. माझं माहेर तुम्ही मालेगावला विकलंत.

श्यामला

---

नाशिक,
१३ ऑक्टोबर १९८५

ती. सौ. वन्संना,
नमस्कार.

नानांना काही लिहिलं नसेल तर लिहू नका. लिहिलं असेल तर काय करायचं मला माहीत नाही.

शुक्रवारी आम्ही गेलो. सहादूच्या घरामागे उभे राहिलो, चोरासारखे. मागवाले हाजीसाहेब आले होते, बरोबर त्यांची बायको, बुरख्यात. दोन्ही बोटी काठाला शेजारी शेजारी. नानांनी ती पिशवी काढली आणि सहादूच्या बायकोला, नवसाबाईला हाक मारली. नवसाबाईने मैनेला हळदकुंकू लावलं. टोकाला बांगड्या बांधल्या, खण पसरला, त्यावर तांदूळ, नारळ, सगळं ठेवलं. वन्सं, ओटी मैनेची होती. मुलगी सासरी पाठवतात तशी पाठवत होते तिला.

हाजीसाहेब म्हणाले, “नानासाहब, बेटी बिदा कर रहे हो क्या?” नाना मैनेच्या टोकावरचा खण सरळ करत राहिले. त्या बाईंनी मात्र पुढे होऊन नावेला हात लावला आणि म्हणाल्या, “हम अच्छी रखेंगे.” मग नाना रडले. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

सहादूने आम्हाला बघितलं. म्हणाला, “वहिनी, तुमी मागं काऊन लपल्या? मी नानांला म्हनलं व्हतं, घरच्या बाईला बोलवा. तर म्हनले, नको, त्या हसतील. नाय तर वटी घरच्या बाईनंच भरायची असती, लेकीची हाय म्हनल्यावर.” मला तोंड कुठं लपवू असं झालं.

विमलाबाई तिथेच होत्या, आपल्या नवऱ्यासकट. द्वारकेला दोघं ट्रकच्या सीटची कव्हरं शिवतात. नव्या बोटीच्या गाद्या आणि पडदे त्यांचेच. त्या दिवशी त्या बाकांची मापं घ्यायला रिक्षातून चालल्या होत्या. चांगल्या हसऱ्या आहेत, माझ्याशीही हसल्या.

इथवर ठीक होतं. आपण दोघी येड्या ठरलो एवढंच. पण मग नानांनी आम्हाला नवी बोट दाखवायला आत नेलं. कपाटात त्यांचे सगळे कपडे. स्वेटरसुद्धा. फळीवर त्यांची पुस्तकं, दाढीचं सामान. आणि सासूबाईंचा फोटो, आमच्या हॉलच्या भिंतीवरचा. तो भिंतीवरून गेलेला मला कळलाही नव्हता, वन्सं. रोज झाडते मी ती भिंत.

मी विचारलं, “नाना, घरी कधी येणार?”

म्हणाले, “येईन की. भेटायला.”

मग यांना म्हणाले, “माझी पत्रं आली तर तशीच पाठव. उघडू नका.” यांनी मान खाली घातली.

घरी आलो तर दारात तुमचं पाकीट, नानांच्या नावचं. अक्षर तुमचं. आत काय असेल ते मला न उघडता कळलं. दोन दिवस दाबून ठेवलं, खोटं बोलत नाही. मग आज सकाळी हे घेऊन गेले. आता मला दोष देऊ नका, आणि दिलात तरी चालेल.

खाट अजून गॅलरीतच उभी आहे. आता तिला आत घेऊन काय उपयोग.

इंदिरा

---

गंगापूर धरण,
२० ऑक्टोबर १९८५

चि. सौ. श्यामलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वेणू घेऊन आला. मी वाचेपर्यंत तो बाहेर उभा होता. नव्या केबिनमध्ये डोकं लागत नाही, तरी तो वाकूनच आत आला. सवय.

तुझ्या शंकेचं आधी. माईच्या जागी कुणाला आणायचं तर मला जागाच कुठं होती? आता जागा आहे, तर बाई नाही. हे हसण्यासाठी लिहिलं आहे. हसायला येत नसेल तर राहू दे.

मी इंजिनियर माणूस. घराचं क्षेत्रफळ मला कळतं. वेणूच्या ब्लॉकमध्ये मुलं धरून चार माणसं बसतात, मी पाचवा. इंदिरा वाईट मुलगी नाही. जेवण वेळेवर, ताक रोज. पण सकाळी मी दाढी करून येईतो माझी खाट उचललेली असते आणि संध्याकाळी टीव्ही संपेपर्यंत ती घालता येत नाही. मधला दिवस मी कुठं असतो हे कुणी विचारलं नाही. मी बहुतेक नेहरू उद्यानात असायचो. पावसाळ्यात स्टँडवर, तिथे छप्पर आहे. स्टँडवरचा कंट्रोलर मला रोज विचारायचा, “आजोबा, कुठली गाडी?” मी निफाड सांगायचो. एक दिवस त्याने मला खरंच निफाडच्या गाडीत बसवून दिलं. निफाडला उतरून मी चहा प्यायलो आणि त्याच गाडीने परत आलो. त्या प्रवासात ठरवलं.

उन्हाळ्यात तुझ्याकडे यावं म्हटलं होतं. तुझं ‘पुढच्या वर्षी’ आलं. मी उत्तर दिलं नाही, कारण त्या पत्रात मला विचारलेलं असं काही नव्हतं.

मैनेत मी राहू शकलो असतो तर तिला विकलं नसतं. पण तिच्यात रविवारपुरतं राहता येत होतं, रोज नाही. वाकून माणूस पाहुणा म्हणून राहतो. मला उभं राहायचं होतं. माई असती तर तिनेच सांगितलं असतं, विका. ती फार भावनेत अडकणारी नव्हती, ते खूळ माझ्याकडून तुझ्यात आलं. ओटी भरली ती माझ्या समाधानासाठी. त्यावरून तुम्ही जे काढलंत ते काढलंत.

सहादू रोज दूध आणि भाकरी आणून देतो. स्टोव्हवर मला आता पिठलं जमतं. पावसाळ्यात पाणी चढलं की त्याच्या ओसरीवर राहणार आहे, बोलणं झालं आहे. खात्याकडून परवानगी घेतली आहे. रात्री पडलो की कुणी उठवत नाही.

रागावलेलो नाही, असं लिहिलं होतं. मग ते खोडलं. थोडा रागावलेलो आहे. इंदिरा म्हणाली, तुम्हा दोघींची बरीच पत्रं झाली. सप्टेंबरपासून दोन घरांत माझ्याविषयी लिहिणं चाललं आहे, आणि त्यातलं मला विचारायला लिहिलेलं एकही पत्र नाही. तुझं एक आलं, त्यात प्रश्नच नव्हता, सगळी उत्तरंच होती.

तुझं माहेर मी मालेगावला विकलेलं नाही. माझं घर नव्हतं तेव्हा तुला माहेरही नव्हतं, एक नाव होती. आता मला घर आहे. इथे यायचं असेल तर ज्याचं घर आहे त्याला विचारून यावं. हा नियम वेणूलाही सांगितला आहे.

थंडी पडू लागली आहे. सासूबाईंना जप.

नाना

---

इंदूर,
२७ ऑक्टोबर १९८५

ती. नानांना,
श्यामलाचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. निफाडचं वाचून आधी हसले. मग स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्या करपवल्या. ह्यांनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, माझे वडील रोज एसटी स्टँडवर बसत होते आणि मी इथे बसून त्यांच्यासाठी बाई शोधत होते. ह्यांना काही समजलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी आणि इंदिरेने मिळून घातला. तिचा दोष माझ्यापेक्षा कमी आहे. तिने खाटेचं मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, नाना. स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचून पुढची ओळ वाचली.

माहेरी जाताना विचारावं लागतं हे मला कुणी शिकवलं नाही. माई असताना वेणू मुराळी म्हणून न्यायला यायचा. ती गेल्यावर मी नुसतं कळवत आले, अमक्या गाडीने येते म्हणून. त्यामुळे हे पत्र लिहायला मला जमत नाहीये. पहिल्या कागदावर ‘येते’ असंच लिहिलं गेलं. दुसऱ्यावरही. हा तिसरा.

इंदिरेलाही यायचं आहे, असं तिने कळवलं आहे. तिचं तिला विचारू दे. मी तिच्या वतीने विचारणार नाही आणि वेणूच्या तर नाहीच.

नाना, दिवाळीला मी तुमच्याकडे येऊ का? एकटीच येईन. दोन दिवस राहीन, तुम्ही म्हणाल तर एकच. नाही म्हणालात तरी मी काही म्हणणार नाही. पण उत्तर मला लिहा, इंदिरेकडून नको.

श्यामला